कमानवाल्या चाचांचा सराटा

एसटीत माणूस पुढची जागा धरतो, नाहीतर खिडकी धरतो. चाचा मागच्या चाकावरची सीट धरायचे. बस रिकामी असली तरी तीच. कंडक्टर म्हणायचा, "चाचा, पुढं या ना, मांगं दचके बसते."

"दचकेच खायले बसलो मी," चाचा म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

बसच्या खालचे पाटे ते ऐकत असत. ट्रक, बस, जीप, सगळ्यांच्या चाकावर पोलादाच्या वाकड्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या पट्ट्या म्हणजे पाटे, आणि पाट्यांचा पुरा जुडगा म्हणजे कमान. सगळं वजन आणि सगळे खड्डे त्याच सोसतात. चाचांचा जन्म त्या पट्ट्या वाकवण्यात गेला. बडनेरा मागं पडलं की ते जाहीर करायचे, "उजव्या बाजूचा तिसरा पाटा गेला याचा." मूर्तिजापूरला बस थांबली की खाली उतरून, गुडघे टेकून, बसखाली डोकं घालून खात्री करायचे. खरं निघालं तर ड्रायव्हरला चहा पाजायचे. खोटं निघालं तर अकोल्यापर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.

बडनेरा रोडवर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढून उघडं पत्र्याचं शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि गंजलेल्या पाट्यांचा ढीग. पाटीवरचं नाव उन्हानं उडालं होतं, 'कमान वर्क्स' एवढंच उरलं होतं. ते पुन्हा रंगवा म्हटलं तर म्हणायचे, "ज्याची कमान तुटली त्याले दुकान सापडते. ज्याची नाई तुटली त्यानं कायले यावं?"

मी तिथं का गेले ते सांगते. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, आणि कॉलेजात मी मान खाली घालून कधी वावरले नाही. वर्गात साठ जण, त्यात आम्ही चार मुली. प्रोजेक्टसाठी सरांनी मला सौरचुलीचा अभ्यास सुचवला. म्हणाले, "तुम्हाला बरा पडेल." मी म्हटलं, मला भांडणारं यंत्र करायचं आहे. अकोल्याच्या एका कॉलेजात रोबोंच्या कुस्त्या होणार होत्या. चौकोनी रिंगणात दोन यंत्रं सोडायची, ज्याचं यंत्र समोरच्याला उलथं पाडेल तो जिंकला. सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सही केली. माझ्याबरोबर मूर्तिजापूरचा एक मुलगा होता. तो इतका सावकाश बोलायचा की वर्गानं त्याचं नाव शकुंतला ठेवलं होतं, त्याच्या गावच्या रेंगाळत धावणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीवरून. पण बटणांवर त्याचा हात चांगला होता.

आमच्या यंत्राचं हत्यार साधं होतं. पुढच्या बाजूला जमिनीला चिकटलेला एक चपटा पत्रा. तो समोरच्याच्या खाली घालायचा आणि झटक्यात वर उचलायचा. तव्यावरची भाकर उलटवायचा सराटा असतो ना, तसाच. म्हणून आम्ही त्याला सराटाच म्हणायचो. तो हवेच्या दाबावर चालवायचं ठरलं होतं. एमआयडीसीतल्या भंगारातून हवेचा एक सिलिंडर मिळाला, त्याच्या दांड्याला सराटा जोडला. पंक्चरच्या दुकानातून टाकीत आठ किलो दाबाची हवा भरली. बटण दाबलं. सराटा वर आला, पण लग्नातला म्हातारा पंगतीतून उठतो तसा, गुडघ्यावर हात ठेवत. भंगारातल्या वॉल्वचं भोक बारीक, त्यातून हवा येणार तरी किती जोरात?

कोणीतरी म्हणालं, मग स्प्रिंग लावा. म्हणून आम्ही चाचांकडे गेलो. मे महिन्यातही लोकरीची टोपी घालणारा एक उंच, वाळका माणूस ऐरणीपाशी उकिडवा बसला होता.

"काय पायजे?"

"स्प्रिंग पाहिजे."

"किती टन?"

"टन नाही, चाचा. पस्तीस किलोचं मशीन उलटं करायचं आहे."

"कोनाचं?"

"दुसऱ्या कॉलेजचं."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "काहून? त्यायनं काय केलं तुमचं?"

मी कुस्त्यांचं सगळं समजावलं. कागदावर काढलेलं चित्रही दाखवलं. चित्र त्यांनी उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि परत दिलं. "कागदावर सगळेच पाटे सरळ असते," म्हणाले. "मशीन आना."

नंतर मला कळलं की वेळ देणं त्यांना परवडत होतं, कारण त्या वर्षांत वेळच वेळ होता. चाचा साल मोजायचे ते तुटलेल्या पाट्यांवर. कापूस चांगला झाला की गाड्या जिनिंगकडे पोटापेक्षा जास्त भरून निघत, पाटे तुटत आणि चाचांच्या भट्टीला दिवाळीपासून होळीपर्यंत उसंत नसे. "पाटा तुटला म्हंजे सुगी," ते म्हणत. त्या तीन-चार वर्षांत पाटे तुटायचे थांबले होते. गाड्या रिकाम्या धावत होत्या. पेपरात गावाकडच्या बातम्या रोज काळ्या चौकटीत येत. चाचा पेपर वाचायचे नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून म्हणायचे, "हाही खालीच," आणि भट्टी पेटवायची की नाही ते ठरवायचे. आठवड्यातून दोनदा पेटायची.

त्यांचा एक नियम होता. दाबलेल्या स्प्रिंगच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूनं यायचं. ते चुन्यानं जमिनीवर रेघ ओढत आणि म्हणत, "हे हद्द." त्यांचा स्वतःचा पाय त्या रेघेवर पडला तरी ते त्याला दोन शिव्या देऊन मागं घेत. आणि ते गॅरंटी कोणाला देत नसत. ड्रायव्हरनं गॅरंटी मागितली की म्हणत, "गॅरंटी रस्त्याले माग. खड्डे त्याचे हाय."

आमचं यंत्र त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बेटा, हवा लय मेहनती हाय, पन सुस्त हाय. स्प्रिंग कामचोर हाय, पन तिचा हात भारी. दोघायले आपापलं काम दे. हवेनं दाबाचं, स्प्रिंगनं माराचं."

मला हे लगेच पटलं आणि आजही मी ते याच्यापेक्षा चांगलं सांगू शकणार नाही. सिलिंडरनं चार सेकंद घेऊन स्प्रिंग दाबून ठेवायची. मग सिलिंडरमधली हवा एकदम सोडून द्यायची. धरणारा गेला की स्प्रिंग सुटते आणि सराटा फाडकन वर जातो. हवा एकदम सोडायला काय वापरायचं, तेही त्यांच्याकडेच निघालं: ट्रकच्या ब्रेकचा एक वॉल्व. पुढच्या नळीतला दाब पडला की तो आपलं तोंड उघडतो आणि क्षणात सगळी हवा ओकून मोकळा होतो. तीन रुंद भोकं, बारीकसारीक काही नाही.

स्प्रिंग त्यांनी आमच्यासमोर केली. पोलादाची कांब भट्टीत लाल केली, नळीवर गुंडाळली आणि तेलाच्या पिंपात बुडवली. पोलादाला पाणी तेलातच देतात. गार झाल्यावर हातोडीनं हळूच टिचकी मारली आणि कान लावला. पहिली नापास. दुसरी नापास. तिसरीला म्हणाले, "हे खरं बोलते."

पहिल्यांदा सराटा सुटला तेव्हा वर ठेवलेलं गव्हाचं अर्धं पोतं उडून पाट्यांच्या ढिगावर पडलं. शकुंतलाच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा एक वाक्य एका दमात निघालं. ते छापण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात आई दुकानात आली. आई भाजीबाजारात बसायची, वलगावकडच्या आमच्या तुकड्यातला भाजीपाला विकायची. पोरगी दिवसभर कोणत्या मिस्त्र्याकडे असते असं गल्लीत कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यानं पाहावं असा तिचा स्वभाव. वांग्यांची टोपली दाराशी ठेवून ती आत आली, सगळीकडे पाहिलं, आणि तिची नजर छपराच्या पत्र्यातल्या एका भोकावर थांबली.

"हे कायनं झालं, भाऊ?"

चाचा खोटं बोलले नाहीत. "स्प्रिंग गेली होती, बाई. लय साल झाले."

"मानूस?"

"बाजूले होता."

"माही पोरगी समोर असली तं?"

"समोर नाई राहनार."

"हे मले पोरीनंही सांगतलं. तुमी सांगा." आई कंबरेवर हात ठेवून उभी होती. "मले कागद नोको. दोन हात, दोन डोये घेऊन आली हाय, तसीच घरी धाडान का?"

ड्रायव्हरांना पाट्याची गॅरंटी न देणारा तो माणूस उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "जबान देतो, बाई."

टोपीशिवाय मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. आई वांगी उचलून निघून गेली. चाचा बराच वेळ टोपी हातात धरून उभे होते. मग माझ्यावर खेकसले, "पाहून काय राहिली? रेघेच्या मांगं हो!"

अकोल्याला आम्ही यंत्र एसटीच्या टपावर बांधून नेलं. कुस्त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होत्या. यंत्रं दुरुस्त करायला प्रत्येक जोडीला एक टेबल आणि टेबलाभोवती वीतभर जागा. इकडच्याचा कोपर तिकडच्याला लागत होता. फरशी चकचकीत, चुन्याची रेघ ओढायला जागाच नव्हती. आमच्याबरोबर आलेले चाचा कोपऱ्यात स्टुलावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले. सगळी पोरं त्यांना कोणाचे तरी आजोबा समजत होती.

पहिली कुस्ती आम्ही अकरा सेकंदांत जिंकली. समोर चांगलं रंगवलेलं, गोल फिरणाऱ्या पात्याचं यंत्र होतं. शकुंतलानं आमचं यंत्र त्याच्या बाजूनं नेलं, सराटा खाली सरकवला आणि बटण दाबलं. ते यंत्र हवेत पूर्ण वळलं आणि पाठीवर पडून पातं फिरवत राहिलं, उताण्या पडलेल्या किड्यासारखं. सगळं शेड ओरडलं. मी चाचांकडे पाहिलं. ते शेंग सोलायची विसरले होते.

दुसऱ्या कुस्तीला वीस मिनिटं होती. शकुंतला म्हणाला, "भरून... ठेवू का?" मी म्हटलं, ठेव. स्प्रिंग दाबून ठेवली की रिंगणात चार सेकंद वाचतात. त्यानं बटण दाबून स्प्रिंग दाबली आणि रिमोट टेबलावर ठेवला. डावं चाक थोडं हलत होतं. मी सराट्यावर पाना ठेवला, वाकले आणि चाकाचा नट हातानं चाचपायला लागले. माझं तोंड सराट्याच्या बरोबर वर होतं. दुकानात असं मी कधी केलं नसतं. इथं रेघ नव्हती आणि मी नुकतीच जिंकले होते.

एवढ्या गोंगाटात चाचांना ते ऐकू आलं. मला आलं नाही. एका नळीच्या जोडातून बारीक 'सूं' असा आवाज येत होता. कोपऱ्यातून ते टेबलापर्यंत कसे पोचले ते मी पाहिलं नाही. इतकंच कळलं की माझी वेणी कोणीतरी मुळापासून ओढली आणि मी पाठीवर पडले.

त्याच क्षणी सराटा सुटला. पाना माझ्या तोंडाच्या जागेतून वर गेला, छपराच्या पत्र्याला लागला आणि पलीकडच्या टेबलावर येऊन पडला. रिमोट टेबलावर तसाच होता. कोणी हात लावला नव्हता.

शकुंतला हात वर करून उभा होता, पोलिसांसमोर उभा राहावा तसा. चाचांच्या मुठीत अजून माझी वेणी होती. ती सोडायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"डोये?"

"आहेत चाचा, दोन्ही आहेत."

तेव्हा त्यांनी वेणी सोडली आणि फरशीवरच बसले. काय झालं ते सगळ्यांच्या आधी त्यांना समजलं. जोड सैल झाला, नळीतली हवा गळाली, दाब पडला. दाब पडला की तो ट्रकचा वॉल्व आपलं तोंड उघडतो. सिलिंडर रिकामा झाला आणि स्प्रिंग सुटली. ट्रकच्या ब्रेकमध्ये नेमकं हेच पाहिजे असतं. तिथं हवा स्प्रिंगला धरून ठेवते, आणि हवा गेली की स्प्रिंग सुटून ब्रेक आवळते. गाडी थांबते, माणसं वाचतात. चाळीस वर्षं त्यांच्या हाताला हेच माहीत होतं, की हवा गेली तर सगळं स्प्रिंगवर सोपवावं. त्यांनी तेच शहाणपण आमच्या यंत्राला लावलं. फक्त आमची स्प्रिंग थांबवत नव्हती, मारत होती.

"माही चूक हाय," ते मोठ्यानं म्हणाले, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ट्रकचं डोकं मशीनले लावलं मी. पोरायची नाई चूक."

मग पाने घेऊन बसले आणि स्प्रिंग काढायला लागले. तेव्हा मी भांडले. आज लाज वाटते, पण भांडले.

"चाचा, जोड घट्ट करू. एक कुस्ती तर आहे!"

"नाई."

"मार्क आहेत यावर. माझं प्रोजेक्ट आहे."

"मार्क कायच्यावर लिहिते, तोंडावर? तोंड तं पायजे!"

"आधीच म्हणत होते, पोरींचं काम नाही. आता हसतील."

"हसू दे. हसनाऱ्याचे दात दिसते, तुहे डोये दिसू दे."

स्प्रिंग त्यांनी पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. आम्ही सराट्याशिवाय रिंगणात उतरलो, नुसतं ढकलायला. पावणेदोन मिनिटांत उलटे झालो.

परतताना बसमध्ये बडनेरा आल्यावर चाचा म्हणाले, "तुह्या आईले मी सांगतो. तू नोको सांगू."

मी हात जोडले. "चाचा, तिला कशाला? मला काही झालं नाही. तिनं ऐकलं तर दुकानात पाठवणार नाही, प्रोजेक्ट बुडेल, वर्ष जाईल."

"जबान मी देल्ली," ते म्हणाले. "तू नाई देल्ली."

मी पास झाले हे इथंच सांगून टाकते. पदवीचा कागद आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या नावानं आला, आणि मी त्याला चौकट करून घेतली आहे. पण त्या संध्याकाळी तो कागद माझ्यापासून किती लांब गेला होता ते मलाच माहीत. मी जेवले नाही. आईनं विचारलं, "जितली का?" मी म्हटलं, "एक जितली, एक हरली." ती म्हणाली, "बराबर झाली मंग," आणि झोपली.

सकाळी मी मुद्दाम तिच्याबरोबर बाजारात जाऊन बसले. वाटलं, चाचा आले तर मध्ये बोलता येईल. ते आले, टोपी हातात घेऊनच. आई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"बाई, जबान देल्ली होती मी."

"हो."

"काल ते मोडत होती. माह्या हातानं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही, काही झाकलं नाही. माझं तोंड कुठं होतं, पाना कुठून गेला, तेही हातानं दाखवलं. मी मध्ये बोलायला गेले तर आईनं नुसतं पाहिलं. एका बाईनं मेथीचा भाव विचारला, आईनं तिला भाव सांगितला. हात थांबले नव्हते, पण जुडीची गाठ दोनदा सुटली.

"पोरगी समोर होती?" तिनं विचारलं.

"होती."

"मांगं कोनं ओढली?"

"मी."

"मंग जबान कसी मोडली?"

"थे नशीब होतं, बाई," चाचा म्हणाले. "एक सेकंद उशीर झाला असता तं? नशिबाले जबान म्हनत नाई."

आईनं जुडी खाली ठेवली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मंग पुढच्या वेळी नशीब लागू नोका देऊ. काय करान थे सांगा."

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. ट्रकच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या दाराला, असतो तसा लोखंडी खटका लावायचा, असं त्यांनी सांगितलं. दाबलेली स्प्रिंग हवेनं नाही, खटक्यानं धरायची. हवा राहो का जावो, खटका ओढल्याशिवाय स्प्रिंग हलणार नाही. आणि खटक्यातही एक खीळ, तिला लाल चिंधी. खीळ आत असेल तोवर बटणही काम करणार नाही. आईनं तीन गोष्टी विचारल्या. खटका झिजला तर कसं कळते? खीळ कोन काढनार? आणि खीळ काढाच्या वक्ती माही पोरगी कुठं उभी असनार? पुढं तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते, त्यांनी यातला एकही प्रश्न विचारला नाही.

चाचांनी तिन्हींची उत्तरं दिली. तिसऱ्याचं उत्तर देताना त्यांनी तिच्या पोत्यापुढच्या मातीत बोटानं जागा आखून दाखवली. आईनं ती पाहिली, मान हलवली, पुन्हा जुडी उचलली आणि या वेळी गाठ नीट बसली.

मी अजून बसलेलीच होते.

"मंग उठ ना वं," आई मला म्हणाली. "त्यायले कवाचं बसवून ठेवलं तुनं. खटका का मी बसवू?"